लाल टी-शर्ट की काळा शर्ट? ओळख परेडला बोलावलंय, पण माझाच माझ्यावर भरवसा नाही

मोगरा (सोमवार, रात्री ९.४०)

पाच आठवड्यांपूर्वी आमच्या कॉलनीत सोनसाखळी चोरी झाली. नाशिक, गंगापूर रोडच्या आतली गल्ली, सकाळचे पावणेसात. मी दूध आणायला निघाले होते आणि तळमजल्यावरच्या काकू फिरून परत येत होत्या. मागून मोटरसायकल आली, मागे बसलेल्यानं काकूंच्या गळ्याला हात घातला आणि पोत खेचली. अर्धी त्याच्या मुठीत गेली, अर्धी काकूंच्या पदरात राहिली. सगळं मिळून तीन-चार सेकंद. गाडी माझ्या शेजारून गेली तेव्हा मागच्यानं माझ्याकडे बघितलं, एवढं पक्कं.

संध्याकाळी पोलिसांनी जबाब घेतला. मी सांगितलं: लाल टी-शर्ट, सावळा, पंचविशीचा, कपाळावर केस. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी गॅलरीतून बघितलं होतं, तेही लालच म्हणाले. काकूंना मात्र चेहरा आठवतच नाही. त्या म्हणतात, "मला फक्त हात दिसला गं, मनगटात जाड कडं होतं."

आता दोघांना पकडलंय आणि शुक्रवारी कारागृहात ओळख परेडला बोलावलंय. त्यात गेल्या आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी "हेच ते!" म्हणून एक फोटो टाकला. मी तो बघितला, आणि आता डोळे मिटले की फोटोतलाच चेहरा समोर येतो. गल्लीतला येतच नाही.

कुणी परेडला गेलंय का? आणि स्वतःच्या डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा असतो?

भुसावळकर

आमच्या लग्नात जिलबी होती की गुलाबजाम यावर घरात बावीस वर्षं खटला चालू आहे. माझे तीन साक्षीदार, सासरचे चार. सगळे जेवले होते, सगळे ठाम आहेत. तुमचं तर तीन सेकंदांचं प्रकरण.

सातारी_कंदी

मी आणि भाऊ दोघंही सांगतो की लहानपणी विहिरीत मीच पडलो होतो. आई म्हणते कुणीच पडलं नव्हतं, बादली पडली होती.

मनोविद्यार्थी

मोगराताई, प्रश्न फार चांगला आहे. मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

आठवण म्हणजे कपाटात ठेवलेला फोटो, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात आपण दरवेळी ती नव्यानं मांडतो, आणि मांडताना आजूबाजूला जे सापडेल ते आत घेतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग घ्या. ४५ विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिती दाखवल्या आणि वेग विचारला. काहींना विचारलं की गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता, आणि काहींना विचारलं की एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता. फिती त्याच, बदललं फक्त क्रियापद. 'आदळल्या'वाल्यांची सरासरी आली ताशी ४०.८ मैल आणि 'लागल्या'वाल्यांची ३१.८.

यापुढची गंमत मला जास्त भीतिदायक वाटते. दुसऱ्या प्रयोगात १५० जण होते. आठवड्यानं परत बोलावून विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? काच फुटलेलीच नव्हती. तरी 'आदळल्या' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती दिसली होती. सौम्य शब्द ऐकलेल्यांत सात, आणि वेगाबद्दल काहीच न विचारलेल्यांत सहा.

म्हणून एक विचारतो. जबाब देण्याआधी त्या गॅलरीवाल्या काकांशी तुमचं बोलणं झालं होतं का?

आणि काकूंचं कडं अगदी पटतं. हल्ल्याच्या वेळी नजर धोक्याच्या वस्तूला चिकटते. चाकू-पिस्तूल असेल तर चेहऱ्याकडे लक्ष कमी जातं, हे प्रयोगांत दिसलंय. इथे धोका हाताचा होता, नजर हातावर गेली.

मोगरा

बाप रे. हो, झालं होतं. जिन्यातच. दहा-बारा जण जमले होते आणि सगळे एकदमच बोलत होते.

उगाचच

म्हणजे आता बाईंनी डोळ्यांनी बघितलेलंही खोटं? माझ्या आईचं मंगळसूत्र असंच गेलं, मान सोलून निघाली होती. तिनं कोर्टात त्या माणसाला ओळखलं आणि त्याला शिक्षा झाली. तुमच्या परदेशी प्रोफेसरबाई असत्या तर तो सुटला असता. या बाई आरोपींच्याच बाजूनं उभ्या राहतात ना?

मनोविद्यार्थी

उगाचच, तुमच्या आईंना जे सोसावं लागलं त्याबद्दल वाईट वाटतं. आणि हो, लॉफ्टसबाई बहुतेक वेळा बचाव पक्षाकडून साक्ष देतात. १९७६ मध्ये टेड बंडी या पुढे कुप्रसिद्ध झालेल्या खुन्याच्या अपहरणाच्या खटल्यात दिली, २०२० मध्ये हॉलिवूडचा निर्माता हार्वे वाइनस्टीनच्या बलात्काराच्या खटल्यात दिली. त्यावरून त्यांना भरपूर शिव्याही खाव्या लागल्या, आणि काही मलाही रास्त वाटतात. पण आरोपी वाईट होता म्हणून काचेचा प्रयोग खोटा ठरत नाही.

काळा_कोट

वीस वर्षं फौजदारी वकिली करतोय, बहुतेक बचावाकडून. काही गोष्टी सरळ सांगतो.

ओळख परेड हा मूळ पुरावा नाही. साक्षीदार कोर्टात शपथेवर आरोपीला ओळखतो, तो मूळ पुरावा. परेडचा उपयोग दोन गोष्टींसाठी: तपास योग्य माणसाभोवती चाललाय का हे पोलिसांना कळावं, आणि पुढे कोर्टातल्या ओळखीला आधार मिळावा. पूर्वी पुरावा कायद्याचं कलम ९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७ आहे. आशय जवळपास तोच.

ज्यांना वाटतंय की हे सगळं परदेशी फॅड आहे, त्यांच्यासाठी: आपल्या सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच भरवाडा भोगीनभाई खटल्यात म्हटलंय की साक्षीदाराकडे छायाचित्रासारखी स्मृती असेल अशी अपेक्षाच ठेवू नये, मनाच्या पडद्यावर व्हिडिओ टेप परत लावल्यासारखं ते नसतं. मौज अशी की तो निकाल साक्षीदाराच्या बाजूनं होता. बारीकसारीक तफावती दाखवून पीडितेला खोटी पाडू नका, असा त्याचा रोख. म्हणजे रंगाची गफलत झाली म्हणून साक्षीदार खोटारडा ठरत नाही, आणि सगळं छान जुळलं म्हणून खराही ठरत नाही. आम्ही वकील दोन्हीकडून तोच उतारा वाचतो, ते सोडा.

मोगराताई, तुमच्या फोटोचा मुद्दा मात्र गंभीर आहे. परेडआधी साक्षीदारानं आरोपीचा फोटो बघितला असेल तर त्या ओळखीची किंमत उलटतपासात पाच मिनिटांत शून्य होते. मी स्वतः केली आहे.

सातारी_कंदी

"मी स्वतः केली आहे" वाचून अंगावर काटा आला, वकीलसाहेब.

निवृत्त_नायब

इथे बरीच वर्षं नुसता वाचक आहे, आज लिहावंसं वाटलं. नायब तहसीलदार म्हणून कार्यकारी दंडाधिकाऱ्याचं काम केलं, तेव्हा बऱ्याच परेड घेतल्या. ताईंना तिथे काय होतं ते सांगतो.

सिनेमातल्यासारखी काळी काच नसते. कारागृहातली एक खोली किंवा पडवी असते. एका संशयितामागे किमान सहा डमी उभे करायचे, तेही वयानं, बांध्यानं, रंगानं मिळतेजुळते. खरी डोकेदुखी हीच. तुरुंगात डमी म्हणजे दुसरे कैदी. एकदा संशयित सव्वासहा फुटांचा निघाला, तेव्हा सगळ्यांना बसवूनच परेड घेतली.

आणखी एक प्रसंग विसरत नाही. संशयिताच्या भुवईवर जुनी खोक होती. ती झाकायची तर पट्टी लावायला हवी, आणि एकट्यालाच लावली तर बोट दाखवल्यासारखंच झालं. म्हणून सातही जणांच्या भुवईवर पट्टी लावायची ठरली. तुरुंगाच्या दवाखान्यातून चारच पट्ट्या आल्या. मी कात्रीनं त्या मधोमध कापल्या. सात माणसं डाव्या भुवईवर अर्धी-अर्धी पट्टी लावून ओळीत उभी! हसू येत होतं आणि हसायची सोय नव्हती.

संशयिताला विचारायचं: कुठे उभं राहायचंय, कपडे बदलायचेत का? दोन साक्षीदार असतील तर मधे परत विचारायचं. दोन पंच असतात. पोलिसांना आत थारा नाही. साक्षीदार एकेक येतो, आणि ज्याची परेड झाली त्याला बाहेर थांबलेल्यांत मिसळू द्यायचं नाही. ओळखलं तर खांद्याला हात लावून दाखवायचं.

परेड सुरू करण्याआधी मी प्रत्येकाला विचारत असे: घटनेनंतर या लोकांना कुठे पाहिलंय का? पोलीस ठाण्यात, फोटोत? उत्तर जसंच्या तसं लिहून घ्यायचं. ताई, तुम्हाला विचारलं तर खरं सांगा. नाही विचारलं तरी सांगा.

एकदा एका बाईंनी क्षणभरही न थांबता एका डमीच्या खांद्यावर हात ठेवला. "हाच, याला मी मेल्यावरही विसरणार नाही." तो गडी घटनेच्या आधीपासून आठ महिने आतच होता.

टोरोंटोकर

नायबसाहेब, लिहीत राहा हो! शेवटच्या वाक्यावरून रोनाल्ड कॉटनची केस आठवली. १९८४, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातलं बर्लिंग्टन. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीवर घरात घुसून बलात्कार झाला. ती इतकी धीराची, की त्या वेळीच तिनं ठरवलं: वाचले तर याला ओळखायचंच. मुद्दाम चेहरा निरखला. फोटोंतून तिनं कॉटनला निवडलं. मग प्रत्यक्ष ओळीतून निवडलं, आणि नंतर तिला कळलं की फोटोतलाच माणूस तिनं परत निवडलाय. तिची खात्री पक्की झाली. १९८५ मध्ये त्याला जन्मठेप झाली.

दोन वर्षांनी खटला परत चालला. खरा गुन्हेगार, बॉबी पूल, कोर्टात तिच्यासमोर उभा केला गेला आणि तिनं त्याला ओळखलं नाही. तोपर्यंत आठवणीतल्या चेहऱ्याच्या जागी कॉटन बसला होता. १९९५ मध्ये डीएनए तपासणीत कॉटन निर्दोष निघाला. दहा वर्षं गेली. पुढे ती दोघं मित्र झाली आणि साक्षीदारांच्या चुकीच्या ओळखीबद्दल एकत्र बोलत फिरली.

तिकडे इनोसन्स प्रोजेक्ट नावाची संस्था १९९२ पासून असे खटले लढवते. डीएनएमुळे जे निर्दोष सुटले त्यांतल्या साधारण ७० टक्के प्रकरणांत प्रत्यक्षदर्शीची चुकीची ओळख होती.

उगाचच

आकड्याची गफलत करताय. चुकीच्या शिक्षा झालेल्यांत ७० टक्के. सगळे साक्षीदार ७० टक्के वेळा चुकतात असं नाही.

टोरोंटोकर

बरोबर. मान्य. तसं वाचलं जाऊ शकतं खरं.

आजोबा_१९४९

पानशेत फुटलं तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. १२ जुलै १९६१. आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या गच्चीतून मी लोक धावताना बघितले. "पाणी आलं, पाणी आलं" ओरडणारा पोस्टमन, त्याची उलटी पडलेली सायकल, आईनं उचललेला स्टोव्ह. ही गोष्ट मी मुलांना सांगितली, नातवंडांना सांगितली, एकदा शाळेच्या कार्यक्रमातही सांगितली.

चार वर्षांपूर्वी धाकट्या बहिणीची साठी झाली. तिचा जन्म जूनअखेरचा, साताऱ्याचा. कुणीतरी सहज म्हणालं, म्हणजे तुम्ही सगळे तेव्हा आजोळीच असाल. मी हसलो. मग थोरल्या भावानं ट्रंकेतलं वडिलांचं पोस्टकार्ड काढलं. पुण्याहून साताऱ्याला, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातलं. "इकडे फार हाहाकार आहे, आपला वाडा वाचला. मुलांना अजून महिनाभर तिकडेच ठेवावे."

मी पुण्यात नव्हतोच. पोस्टमन कुणाचा, सायकल कुणाची, देव जाणे. आणि खरं सांगू? पोस्टकार्ड वाचूनही ती सायकल डोळ्यांसमोरून जात नाही. आजही तिचं पुढचं चाक फिरताना दिसतं.

मनोविद्यार्थी

आजोबा, तुमचा प्रतिसाद वर्गात वाचून दाखवू का? लॉफ्टस आणि पिकरेल यांनी १९९५ मध्ये २४ जणांना त्यांच्या बालपणीच्या चार गोष्टी सांगितल्या, त्यातली एक बनावट: तू मॉलमध्ये हरवला होतास. सुमारे पाव जणांना ती थोडी किंवा पूर्ण 'आठवली'. तुम्हाला तर कुणी फसवलंही नव्हतं. साठ वर्षं सगळं पुणं तीच गोष्ट सांगत होतं.

आजोबा_१९४९

वाचा की. फक्त स्टोव्हचं वगळू नका, तो स्टोव्ह खरा होता. निदान स्टोव्ह आमच्याकडे होता.

भुसावळकर

डोनाल्ड थॉमसनचं कुणी सांगितलं नाही का अजून? ऑस्ट्रेलियातला मानसशास्त्रज्ञ, विषय साक्षीदारांची स्मृतीच. सत्तरच्या दशकात एका बलात्काराच्या गुन्ह्यात बाईनं त्याला ठामपणे ओळखलं. पण त्या वेळी तो टीव्हीवर थेट प्रक्षेपणात बसला होता. हल्ला झाला तेव्हा तिच्या घरात टीव्ही चालू होता. पडद्यावरचा चेहरा हल्लेखोराला चिकटला. मोगराताई, तुमचा सोसायटी ग्रुप म्हणजे तो टीव्ही.

मोगरा

भुसावळकर, विनोद करता करता झोप उडवलीत.

उगाचच

एवढं सगळं ठीक. पण मुंबईच्या लोकल स्फोटांचं बघा. १८९ माणसं गेली आणि १९ वर्षांनी सगळे सुटले. तिथेही 'स्मृतीवर भरवसा नाही' हेच ना?

काळा_कोट

अर्धवट आहे ते. ११ जुलै २००६ चे स्फोट. २०१५ मध्ये विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी धरलं, २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयानं सर्वांना सोडलं. अनेक कारणं होती, स्मृती हे त्यातलं एक. आरोपींना आपल्या टॅक्सीतून नेलं म्हणणारे टॅक्सीवाले शंभरहून जास्त दिवस गप्प होते. रोज कितीतरी प्रवासी नेणाऱ्याला इतक्या दिवसांनी तोच चेहरा का आठवावा, याचं पटणारं कारण न्यायालयाला दिसलं नाही. शिवाय परेड ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्यानं घेतली त्याला तेव्हा अधिकारच नव्हता, असंही निकालात आहे. पुढे सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली, सुटलेल्यांना परत आत पाठवलं नाही.

माझ्या मते यात साक्षीदारांना दोष देण्यासारखं फार थोडं आहे. शंभर दिवसांनी विचारायचं, ओळख पटेल अशा खुणा नोंदवायच्या नाहीत, आणि मग एका माणसाच्या डोळ्यांवर सगळा डोलारा उभा करायचा. तो कोसळला की नाव स्मृतीचं.

संपादक_मंडळ

या खटल्यावरची चर्चा इथेच थांबवावी. त्यावर स्वतंत्र धागा आहे (आणि तोही कुलूपबंद आहे). पुढचे तीन प्रतिसाद काढले आहेत.

मनोविद्यार्थी

उगाचच यांच्या पहिल्या आक्षेपाला नीट उत्तर द्यायचं राहिलं. स्मृती म्हणजे नुसता कचरा, असं संशोधन म्हणत नाही. कॅनडात यूल आणि कटशॉल यांनी खऱ्या गोळीबाराच्या १३ साक्षीदारांशी चार-पाच महिन्यांनी परत बोलणं केलं, १९८६ मध्ये ते छापून आलं. दिशाभूल करणारे प्रश्न घुसवूनही बहुतेकांचा तपशील चांगलाच टिकला होता. २०१७ मध्ये विक्स्टेड आणि वेल्स यांनी मांडलं की परेड नीट घेतली असेल, आणि पहिल्याच वेळी साक्षीदार मोठ्या खात्रीनं ओळखत असेल, तर त्या खात्रीला बरंच वजन असतं. महिन्यांनी कोर्टात दिसणाऱ्या खात्रीला तसं वजन नसतं, कारण ती मधल्या काळात फुगवलेली असू शकते. याच वेल्सनी ब्रॅडफिल्डबरोबर १९९८ मध्ये दाखवलं होतं की चुकीचा माणूस निवडलेल्याला "छान, संशयितालाच ओळखलंत" एवढं म्हटलं, की त्याची खात्री तर वाढतेच, पण आपण गुन्हेगाराला अगदी नीट बघितलं होतं असंही तो सांगू लागतो.

म्हणून मोगराताई, त्या दिवशी, कुणाशीही बोलण्याआधी, तुम्ही कुठे काही लिहिलं होतं का? डायरी, मेसेज, काहीही?

मोगरा

नाही हो. थांबा. बहिणीला मेसेज केला असेन. बघते.

निवृत्त_नायब

बघा, पण इथे टाकू नका. परेड व्हायची आहे.

काळा_कोट

+१. आणि शुक्रवारपर्यंत हा धागाही वाचू नका, ताई. आम्ही सगळे मिळून जिनाच झालोय.

भुसावळकर (गुरुवार)

या धाग्यामुळे लग्नाची सीडी शोधली. चालवायला यंत्र नव्हतं, शेजारच्या सायबर कॅफेवाल्यानं जुना संगणक जोडून दिला. पंगत दिसते. ताटात जिलबी नाही. सासरचे म्हणत होते ते गुलाबजामही नाहीत. मठ्ठा आणि बुंदीचे लाडू. सात साक्षीदार, सातही बाद.

सातारी_कंदी

वहिनी काय म्हणाल्या?

भुसावळकर

सीडी दुसऱ्याच लग्नाची आहे म्हणाल्या.

मोगरा (शनिवार, दुपारी ४.१५)

काल जाऊन आले. नायबकाकांनी सांगितलं तसंच सगळं होतं, फक्त पट्ट्या नव्हत्या. लांबट खोली, वर जाळीची खिडकी, सात जण भिंतीला पाठ लावून. दंडाधिकारी मॅडमनी पहिला प्रश्न तोच विचारला. मी फोटोचं सांगितलं, ग्रुपवर कधी आला, किती वेळा बघितला तेही. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मला वाचून दाखवलं.

डावीकडून पाचवा चेहरा ओळखीचा वाटला. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. तो जमिनीकडे बघत होता, वरच्या ओठावर घाम होता. मला कळत होतं की हा चेहरा मी बघितलाय. पण गल्लीत बघितला की मोबाइलमध्ये, ते काही केल्या सांगता येईना. तसंच सांगितलं. खांद्याला हात लावला नाही. मॅडमनी तेही लिहून घेतलं.

घरी येऊन मेसेज शोधला. त्या दिवशी सकाळी ६.५८, बहिणीला: "आत्ता काकूंची पोत ओढली माझ्यासमोर!! मागे बसलेला काळ्या शर्टात, हेल्मेट नव्हतं, केस बारीक."

काळा शर्ट. केस बारीक. आणि जबाबात मी लाल टी-शर्ट आणि कपाळावर केस सांगून बसलेय. लाल मला आत्ताही दिसतो, शपथेवर सांगते.

काळा_कोट

तो मेसेज डिलीट करू नका. फोनही बदलू नका. तपास अधिकाऱ्याला भेटून पुरवणी जबाब द्या. बचावाचा वकील हे वाचत असता तर मी हे लिहिलं नसतं, पण मीच बचावाचा वकील आहे.

उगाचच

ताई, तुम्ही हात लावला नाहीत याचा मला राग आला होता. दोनदा वाचलं. आईला विचारलं की तिनं तेव्हा आधी फोटो बघितला होता का. आठवत नाही म्हणाली. काकूंनी ओळखलं का?

मोगरा

नाही. त्या माझ्यानंतर आत गेल्या. परत येताना रिक्षात सांगत होत्या, कुणाच्या तोंडाकडे बघितलंच नाही. ओळीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांची मनगटं बघत गेल्या. कडं एकाच्याही हातात नव्हतं. आत जाताना काढून घेतात म्हणे.

निवृत्त_नायब

काढूनच घेतात.

काळा_कोट

रिक्षात? म्हणजे परत बोललातच तुम्ही दोघी!